डोंगर संपण्याआधी तेजी संपते

गडचिरोली जिल्ह्याला महाराष्ट्राची पोलादनगरी करण्याची भाषा राज्यकर्त्यांच्या तोंडी आता चांगलीच रुळली आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाल्यापासून ज्या जिल्ह्याचा उल्लेख ‘मागास’, ‘दुर्गम’ आणि ‘नक्षलग्रस्त’ या विशेषणांवाचून क्वचितच होत असे, त्याच्या वाट्याला एकदाचे काही चांगले येत असेल, तर त्याबद्दल कुरकुर करण्याचे कोणाही समाजवाद्याला कारण नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन सातत्याने चालू आहे. २०२३ साली तेथील वार्षिक उत्खननाची परवानगी तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे या खनिजावर चालणारा कारखाना उभा राहिला आहे, नव्या भट्ट्यांच्या घोषणा होत आहेत, आणि खनिजाने भरलेल्या मालट्रकांची रांग ही एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याची नवी ओळख झाली आहे.

हे वैभव किती दिवस टिकेल, असा प्रश्न कोणी विचारलाच तर त्याला एक ठरावीक उत्तर मिळते : डोंगरात खनिज भरपूर आहे, काळजीचे कारण नाही. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते गैरलागू आहे. खनिजाचा साठा किती वर्षे पुरेल हा भूगर्भशास्त्राचा प्रश्न झाला. त्या खनिजावर उभी राहिलेली तेजी किती वर्षे चालेल हा अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा जुळत नाहीत. खाणप्रदेशांचा इतिहास पाहिला तर बहुधा तेजी आधी संपलेली दिसते आणि खनिज मागे उरलेले दिसते.

साठ्याच्या हिशेबातही एक चकवा आहेच. ‘सध्याच्या वेगाने शंभर वर्षे पुरेल’ या वाक्यातील ‘सध्याच्या वेगाने’ हे शब्द कोणी लक्षपूर्वक ऐकत नाही. ज्या साठ्यास आजच्या वेगाने शंभर वर्षे लागतील, तोच साठा उत्खनन दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेल्यास अवघ्या पंचवीस वर्षांत संपतो. चक्रवाढव्याजाचे हे शालेय गणित आहे, परंतु नियोजनाच्या कागदपत्रांत ते क्वचित आढळते. सुरजागडच्या परवानगीत तर एकाच फटक्यात तिपटीहून अधिक वाढ झाली आहे. तेव्हा वेग आजचाच राहील असे मानण्यास कोणताही आधार नाही. तरीही हा मुद्दा आम्ही दुय्यमच मानतो, कारण बहुतेक ठिकाणी साठा संपण्याची पाळी येतच नाही.

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या कोळशाविषयी एक ग्रंथ लिहून आपल्या देशबांधवांची झोप उडविली होती. कोळसा स्वस्तात मिळेनासा झाला की ब्रिटनचे औद्योगिक वर्चस्वही जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. ब्रिटिश कोळशाचे उत्पादन १९१३ साली शिखराला पोहोचले आणि नंतर घसरत गेले. तेथील शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा जमिनीखाली कोळसा शिल्लकच होता. संपली होती ती त्याची किफायत. परदेशी कोळसा स्वस्त झाला, तेल आणि वायू आले, आणि मधल्या काळात खाणकामगारांच्या संघटनेचे कंबरडे मोडण्याचा सरकारी निर्धारही आला. भूगर्भात उरलेल्या कोळशाने यॉर्कशर आणि वेल्समधील एकाही खाणगावाची चूल पेटती ठेवली नाही.

इतक्या दूर जाण्याचीही खरे तर गरज नाही. महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात लोहखनिजाच्या तेजीची संपूर्ण जीवनकहाणी गेल्या पाऊणशे वर्षांत घडली आहे, आणि तिचा शेवटचा, सर्वांत झगमगता अंक आपल्या डोळ्यांदेखत पार पडला आहे. आमच्या वाचकांना गोवा म्हटले की १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांनी केलेला कायदेभंग आठवतो, १९५५ साली नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली सीमेपार गेलेली सत्याग्रहींची तुकडी आठवते. परंतु ज्या वर्षांत सत्याग्रही पोर्तुगिजांच्या लाठ्या आणि गोळ्या झेलत होते, त्याच वर्षांत गोव्यात दुसरे एक राज्य आकार घेत होते. भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळे मेटाकुटीला येणारी वसाहत तरून गेली, ती मुख्यतः खनिजाच्या निर्यातीवर. महायुद्धानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते. पोर्तुगीज सरकार सवलतींची कागदपत्रे उदार हाताने वाटत होते. आणि काही मोजकी व्यापारी घराणी पाहता पाहता खाणसम्राट झाली.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. खाणींच्या त्या वसाहतकालीन सवलती मात्र मुक्तीनंतरही पंचवीस वर्षांहून अधिक काळ तशाच राहिल्या. संसदेने १९८७ साली कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत केले. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी आणि कुळांच्या हक्कांसाठी त्यांनी जे केले त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण कसणाऱ्याची जमीन हे तत्त्व ज्या काळात शेतापर्यंत पोहोचले, त्या काळात डोंगराच्या मालकीचा प्रश्न कोणी काढला नाही, याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

पुढील चार दशके हा व्यवसाय संथपणे चालू राहिला. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे, बरेचसे भुकटीच्या स्वरूपातले. देशातील पोलाद कारखान्यांना त्यात रस नव्हता. ते डिचोली, सत्तरी आणि सांग्याच्या डोंगरांतून निघे, ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यापर्यंत येई, मांडवी-जुवारीतून बार्जेसमधून मुरगाव बंदराला जाई आणि तेथून जपानला. या साखळीत गोव्याच्या भूमीत खनिजाचे पोलाद कोठेच होत नव्हते.

मग चीन आला. २००३ च्या सुमारास चीनच्या पोलाद उद्योगाची भूक अशी वाढली, की आजवर टाकाऊ समजल्या जाणाऱ्या भुकटीलाही गिऱ्हाईक मिळू लागले. या शतकाच्या प्रारंभी टनाला तीस डॉलरांच्या आसपास असणारा लोहखनिजाचा जागतिक भाव २०११ च्या आरंभी एकशे नव्वद डॉलरांच्या घरात गेला. २०१०-११ साली गोव्यातील बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर पडले. त्यातील चार कोटी टनांहून अधिक गोव्याच्या स्वतःच्या डोंगरांतले होते. एक टन खनिजासाठी साधारणतः अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. म्हणजे एवढ्याशा राज्यात वर्षाला दहा कोटी टनांवर टाकाऊ मातीचे डोंगर रचले जात होते. पावसाळा आला की ही माती ओढ्यांतून खाली येई, भातशेतीत बसे, नद्यांचे पात्र उथळ करी. शिरगावसारख्या गावांत खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. ज्या गावाला शतकानुशतके झऱ्याचे पाणी होते, त्याला टँकरच्या पाण्यावर राहावे लागणे ही विकासाच्या हिशेबात कोठल्या रकान्यात नोंदवायची, हे आमच्या अर्थशास्त्राने अजून नीटसे ठरविलेले नाही.

या तेजीत केवळ बड्या घराण्यांचेच हात ओले झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तेजीची खरी राजकीय ताकद अशी, की ती खालपर्यंत झिरपते. पण खालच्या थरापर्यंत ती नफ्याच्या रूपाने पोहोचत नाही, कर्जाच्या रूपाने पोहोचते. खाणपट्ट्यातील शेतकऱ्याच्या मुलाने बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला. ज्याला जमले त्याने दुसरा घेतला. भागीदारीत बार्जेस बांधल्या गेल्या. गॅरेज, खाणावळी, टायरची दुकाने निघाली. शेतात गाळ आला म्हणून ट्रक घ्यावा, आणि ट्रक घेतला म्हणून शेतातल्या गाळाबद्दल बोलणे अवघड व्हावे, अशी ही साखळी होती. खाणीविरुद्ध कोणी तोंड उघडले तर त्याला गप्प करायला खाणमालकाने गुंड पाठविण्याची गरज नव्हती. शेजारचा ट्रकवालाच पुरेसा होता, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याचा मासिक हप्ता थांबत नव्हता.

शेवट कसा झाला, हे तारखांनिशी सांगण्याजोगे आहे. बेकायदेशीर उत्खननाच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला होता. त्याचा गोव्यासंबंधीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. सरकारी तिजोरीला सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचा फटका बसल्याचा त्यातील अंदाज खाणमालकांना मान्य नव्हता. तो बाजूला ठेवला तरी अनियमिततेचे चित्र पुरेसे विदारक होते. राज्य सरकारने १० सप्टेंबरला खाणी स्थगित केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण बंदी घातली. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल लागला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की १९८७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे तेजीची ऐन पाच वर्षे मुदत संपलेल्या पट्ट्यांवर काढली गेली होती! पुढे राज्य सरकारने घाईघाईने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेही रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

यावर खाणमालकांचे समर्थक म्हणतात की न्यायालयाने आणि पर्यावरणवाद्यांनी गोव्याची अर्थव्यवस्था बुडविली. ज्यांचा रोजगार गेला त्यांच्या तोंडी हा राग समजण्यासारखा आहे. पण न्यायालय मध्ये पडलेच नसते असे क्षणभर धरून चाला. ज्या भावावर ही सारी उलाढाल उभी होती तो डिसेंबर २०१५ मध्ये टनाला चाळीस डॉलरांच्याही खाली गेला होता. हलक्या प्रतीच्या खनिजाला घसरणीत सर्वांत आधी गिऱ्हाईक सोडते. भाव सावरला तरी निर्यातकराचा बडगा आहेच : मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेने लोहखनिजाच्या निर्यातीवर पन्नास टक्के कर लादला आणि नोव्हेंबरात तो बदलला. बीजिंगमधील बांधकाम, दिल्लीतील अधिसूचना, न्यायालयातील तारीख, यांपैकी कशावरही डिचोलीच्या ट्रकवाल्याची सत्ता नव्हती. ही तेजी पुरती दहा वर्षेही टिकली नाही. आणि खनिज? ते आजही तेथे आहे. म्हणूनच डिसेंबर २०२२ पासून गोव्यातील खाणगटांचे नव्याने लिलाव होऊ शकले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले.

या लिलावांनी एक गोष्ट उघडी पाडली, तिच्याकडे व्हावे तेवढे लक्ष गेलेले नाही. तेजीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे ऑगस्ट २००९ पर्यंत, लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागे ठरावीक रुपयांत आकारले जाई. सर्वांत उत्तम प्रतीच्या खनिजालाही ते सत्तावीस रुपये होते, हलक्या भुकटीला त्याहून कितीतरी कमी. बाजारात टनाचा भाव शेकडो-हजारो रुपयांनी चढत होता आणि जनतेच्या तिजोरीत चहापाण्याएवढे पैसे पडत होते. २००९ साली ते किमतीच्या दहा टक्के आणि २०१४ साली पंधरा टक्के झाले, तेव्हा उद्योग बुडाल्याची हाकाटी करण्यात आली. आणि त्याच उद्योगातील कंपन्यांनी गोव्याच्या लिलावांत स्वामित्वधनाच्या जोडीला विक्रीमूल्याच्या साठ टक्क्यांहून अधिक, काही ठिकाणी तर त्याच्या बऱ्याच वर, रक्कम राज्याला देऊ केली. उत्खननाचा खर्च आणि वाजवी नफा वजा जाता निसर्गाच्या देणगीचे म्हणून जे मूल्य उरते, ते किती प्रचंड होते हे त्या बोलींनी कंपन्यांच्याच तोंडून वदविले. पन्नास वर्षे हे मूल्य कोणाच्या खिशात गेले, याचे उत्तर देण्यासाठी वेगळ्या आयोगाची जरुरी नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा भेद ध्यानात घ्यावा लागतो. शेतातले पीक हे उत्पन्न आहे. ते काढले तरी शेत राहते. खनिज ही मत्ता आहे. ती विकून आलेल्या पैशाला उत्पन्न म्हणणे म्हणजे घरची तुळई विकून आलेल्या पैशाला पगार म्हणण्यासारखे आहे. हॅरॉल्ड हॉटेलिंगने १९३१ साली या विषयाची पायाभूत मांडणी केली, तिचे सार असे, की जमिनीत ठेवलेले खनिज हीदेखील एक गुंतवणूक आहे आणि ते आज काढायचे की उद्या, हा निर्णय त्या दृष्टीने झाला पाहिजे. पदव्युत्तर वर्गात ही उपपत्ती शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी एक पुरवणी प्रश्न घालीत असू : निर्णय घेणारा मालक किती काळ मालक राहणार आहे? समाज पिढ्यानुपिढ्या राहतो. पट्टेदाराला मुदत असते, भागधारकांना तिमाहीचा ताळेबंद असतो, मंत्र्याला पुढची निवडणूक असते. भाव चढा असताना होईल तेवढे उपसून मोकळे होणे हे या तिघांच्याही सोयीचे आहे. तेव्हा वेगाचा निर्णय त्यांच्यावर सोपविला की तेजी आखूड होणार, हे गृहीतच धरावे.

१९७७ साली जॉन हार्टविक याने याचा पुढचा भाग सांगितला. संपणाऱ्या संपत्तीपासून मिळालेले निव्वळ मूल्य जर शाळा, सिंचन, कारखाने, कौशल्य अशा टिकाऊ मत्तेत गुंतविले, तर खनिज संपल्यावरही त्या समाजाचे राहणीमान टिकू शकते. नॉर्वेने हे बऱ्याच अंशी करून दाखविले आहे. १९७२ मध्ये राज्याच्या मालकीची तेल कंपनी काढली, तेलाच्या नफ्याचा सिंहाचा वाटा करांतून घेतला, १९९० साली कायद्याने निधी स्थापिला आणि त्याच्या वार्षिक वापरावर मर्यादा घालून घेतली. मात्र निधी काढला म्हणजे झाले, असेही नव्हे. प्रशांत महासागरातील नाउरू हे चिमुकले राष्ट्र १९६८ साली स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्याकडे फॉस्फेट होते, आणि फॉस्फेटच्या पैशातून उभे केलेले न्यासही होते. मेलबर्नमध्ये त्यांनी १९७७ साली गगनचुंबी इमारत बांधली. फॉस्फेट सरले, न्यासाचा पैसा उधळपट्टीत आणि फसव्या गुंतवणुकीत गेला, आणि २००४ साली ती इमारतही विकावी लागली. निधीवर पहारा कोणाचा, हा प्रश्न निधीइतकाच महत्त्वाचा आहे.

गोव्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात दोन गोष्टी घालून दिल्या : वर्षाला दोन कोटी टनांची कमाल मर्यादा, आणि विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी. दहा टक्के हे प्रमाण तुटपुंजे आहे. तरीपण भावी पिढ्यांचा खनिजावर हक्क आहे हे तत्त्व त्यातून मान्य झाले, आणि २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणातही खनिजे हा सामाईक वारसा असून शासन त्याचे विश्वस्त आहे, हा विचार शब्दांत तरी उतरला. खेद एवढाच, की तेजी ऐन भरात असताना ही मर्यादा आणि हा निधी नव्हता. तबेल्याला कडी बसली ती घोडा गेल्यावर.

गडचिरोलीत घोडा अजून तबेल्यात आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

गडचिरोली म्हणजे गोवा नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. येथील खनिज अधिक चांगल्या प्रतीचे आहे, जिल्ह्यातच पोलाद करण्याची योजना आहे आणि त्यामुळे केवळ कच्चा माल परदेशी धाडण्याच्या धंद्यापेक्षा अधिक रोजगार येथे राहू शकेल. पण कारखाना आला म्हणजे भावाचे चढउतार थांबत नाहीत. पोलादही जागतिक बाजाराच्या लाटांवरच हेलकावे खाते, आणि मंदी आली की कंत्राटी कामगार सर्वांत आधी घरी जातो. दुसरे, जो डोंगर फोडला जात आहे तो ओसाड नाही. या जिल्ह्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते. तेंदूपाने, मोह, बांबू यांवर हजारो कुटुंबे जगतात. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ पासून आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकला. तो बांबू तोडला तर पुन्हा वाढतो. पोलादनगरीच्या भाषणांत या दुसऱ्या अर्थव्यवस्थेचा उल्लेख नसतो, कारण तिच्या पायाभरणीसाठी मंत्र्याला बोलवावे लागत नाही.

पैशाचा भाग पाहू. सुरजागडचा मूळ पट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली मिळाला. क्षेत्र सुमारे ३४८ हेक्टर. लिलावाची पद्धत २०१५ साली आली, त्यापूर्वीचा हा पट्टा असल्याने त्यावर लिलावाची बोली लागत नाही. कायद्याप्रमाणे किमतीच्या पंधरा टक्के स्वामित्वधन आणि त्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के, म्हणजे किमतीच्या साडेचार टक्के, जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. दोन्ही मिळून साडेएकोणीस टक्के. डिचोलीतील हलक्या खनिजासाठी कंपन्या स्वखुशीने याच्या तिपटीहून अधिक द्यायला तयार होतात, तर एटापल्लीतील सरस खनिजासाठी जनतेने एवढ्यावर समाधान का मानावे? कंपनीने येथे कायदा मोडला असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे कायद्याविषयी आहे.

आणि कायदा बदलणे राज्याच्या हाती नाही, ही सबबही आता उरलेली नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला, की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. झारखंडने त्याच वर्षी तसा कायदा केला. महाराष्ट्राला उद्योगस्नेही म्हणवून घेण्याची हौस आहे. पण मत्ता पडत्या भावाने देणे याला व्यवहारात स्नेह म्हणत नाहीत. असा कर बसवून त्याचे उत्पन्न स्वतंत्र कायद्याने स्थापलेल्या गडचिरोली निधीत जमा व्हावे, मूळ रकमेला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही मंत्रिमंडळाला नसावा, आणि निधीच्या विश्वस्तांत ग्रामसभांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे बहुमत असावे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा देशभर इमारती, दिवे आणि सुशोभीकरण यांवर कसा जातो, हे पाहिल्यावर केवळ जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री यांच्या भरवशावर तो सोडण्यास आम्ही तयार नाही.

परंतु निधीहूनही महत्त्वाचा प्रश्न वेगाचा आहे. गोव्यात पाच कोटी टनांपर्यंत धाव घेतल्यानंतर न्यायालयाला दोन कोटींची मर्यादा घालावी लागली. गडचिरोलीत सर्व गट मिळून वर्षाला किती टन काढायचे, याची मर्यादा विधिमंडळाने आजच ठरवावी, आणि ती कारखान्याच्या भुकेवरून नव्हे, तर पाणी, वन, रस्ते आणि स्थानिक तरुणांना कुशल काम शिकविण्याचा वेग यांवरून ठरवावी. वर्षाला एक कोटी टन काढून वीस वर्षे चालणारी खाण आणि पन्नास लाख टन काढून चाळीस वर्षे चालणारी खाण यांतून निघणारे खनिज सारखेच असते. पण पहिलीत बाहेरून आणलेले कामगार येतात आणि जातात, दुसरीत एटापल्लीची एक पिढी यंत्रज्ञ, भूगर्भतज्ज्ञ आणि लेखापाल होऊ शकते.

हे ठरविताना ग्रामसभांना विचारावे लागेल. पंचायत विस्तार कायदा १९९६ सालचा आहे, वनहक्क कायदा २००६ सालचा. दोन्ही येथे लागू आहेत. आजवर ग्रामसभांच्या हरकती बाजूला सारणे एका कारणाने सोपे होते. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सुरजागडवर सत्तरहून अधिक वाहने जाळली, आणि त्यानंतर खाणीला नाही म्हणणारा प्रत्येक आदिवासी हा बंदुकीच्या धाकाने बोलतो, असे म्हणण्याची सोय झाली. हिंसेचा हा मार्ग आम्ही नेहमीच धिक्कारला आहे. त्याने शासनाच्या हाती मुस्कटदाबीचे आयते साधन दिले. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आहेत. बंदूक गेली हे सरकारच सांगत आहे. मग यापुढे एखादी ग्रामसभा नाही म्हणाली, तर तो नकार कोणाचा समजायचा?

विरोधी पक्षांनी, आणि त्यात आमचा पक्षही आला, या प्रश्नावर आजवर केवळ मोर्चे काढले आणि निवेदने दिली. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात खनिज हक्कांवरील कराचे आणि निधीचे अशासकीय विधेयक मांडण्यास कोणाची आडकाठी नाही. ते पडेल, पण कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे नोंदले जाईल.

तोवर करण्याजोगे एक लहान काम आहे. लोहखनिजाचे राज्यवार सरासरी विक्रीदर भारतीय खाण ब्यूरो दरमहा प्रसिद्ध करतो. त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. किती टन खनिज डोंगरावरून उतरले, याची नोंद वाहतूक परवान्यांवरून राज्याच्या खनिकर्म खात्याकडे असते. मागील महिन्यात किती टन गेले, दर काय होता, सरकारला किती मिळाले आणि प्रतिष्ठानला किती, एवढ्या चार आकड्यांचा तक्ता एटापल्लीच्या तहसील कचेरीच्या फलकावर आणि खाणीलगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत व माडियात लावण्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची सही पुरेशी आहे.